व्यसनी विद्यार्थ्याचा भार कोणावर?

शाळकरी मुलाच्या दप्तरात गुटख्याची पुडी सापडली, की शिक्षक घराकडे बोट दाखवितात आणि पालक शाळेकडे. या वादात मूल मात्र एकटे पडते.

भालकी तालुक्यातील खटकचिंचोळीसारख्या गावी या प्रश्नाला सीमेचाही एक पदर आहे. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. कर्नाटकात ती २०१३ साली आली. मधल्या काळात इकडे निषिद्ध ठरलेली पुडी तिकडे उघड विकता येत होती. बंदी सरकार घालते. ती पाळली जाते की नाही, हे गाव ठरविते.

कायद्याने जबाबदारीची वाटणी केलेली आहे. २००३ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकणे, तसेच शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकणे, हा गुन्हा होय. २०१५ च्या बालन्याय कायद्याचे ७७ वे कलम याहून कडक आहे. डॉक्टरांच्या आदेशावाचून बालकास दारू, तंबाखू वा अमली पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. येथे ‘देणारा’ हा शब्द ध्यानात घ्यावा. तंबाखू मळताना चिमूटभर पुतण्याच्या हातावर ठेवणारा चुलताही त्यात येतो.

परंतु कायद्याची नजर सर्वत्र पोहोचत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याच्या द्रव्यांचा वापर प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के आढळला. मुले प्रौढांच्या पुढे आहेत असे हे एकच व्यसन. पंक्चरचे सोल्यूशन सायकलीसाठीच आणले असेल, असे कोणासही वाटेल. त्याचा रुमालाला येणारा वास आईलाच प्रथम कळणार आणि वर्गातील गुंगी शिक्षकालाच दिसणार.

मग मुलाचा स्वतःचा दोष नाहीच काय? आहे, पण तो सावरण्याचे बळ त्याला मोठ्यांनीच द्यावयाचे असते. नाव काढून टाकल्याने शाळा स्वच्छ होते, मुलगा नव्हे. तो दिवसभर पानपट्टीपाशीच उभा राहतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानेही स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनास काही अटींवर खटल्यातून सूट दिली आहे. कठोर कायद्याला जे सुचले, ते शाळेला व घराला सुचू नये काय? शिक्षकाने पालकांना वेळीच बोलवावे आणि पालकांनी लाज बाजूस ठेवून मुलास दवाखान्यात न्यावे. दुकानदाराला जाब विचारण्याचे काम गावाने करावे.