एक स्टेजबॉक्स, दोन मिक्सर: गेन कोणाच्या हातात?
वसंतराव देशपांडे सभागृहात ऑर्केस्ट्राचं काम मिळालंय. समोर एक मिक्सर, स्टेजवर मॉनिटरचा दुसरा. दोघांना एकच डिजिटल स्टेजबॉक्स जोडला की केबल वाचते, पण प्रीअँपही एकच राहतो. समोरच्याने गेन वाढवला की गायकाच्या मॉनिटरमध्ये शिट्टी! म्हणून साउंडचेकला गेन एकानेच लावायचा, नंतर दोघांनीही फक्त डिजिटल ट्रिम फिरवायची. फाटलेला आवाज ट्रिमने सुधरत नाही, तेव्हा गेन थोडा कमीच ठेवा. दोन ऑपरेटरचं पटत नसेल (नेहमीचंच!) तर ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅनालॉग स्प्लिटर घ्या. ४८ व्होल्ट फँटम मात्र थेट लाइनवाल्या मिक्सरवरूनच द्या, ट्रान्सफॉर्मरमधून ते जात नाही. आणि हो, कोटेशनमध्ये स्प्लिटरचं भाडं वेगळं लिहा.