उघडी वाहिनी आणि हरवलेला निरोप

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. बडोद्याच्या आमच्या मंडळातर्फे चालणाऱ्या रक्तदाता-सेवेकडे रात्री पावणेबाराच्या सुमारास एका रुग्णाच्या भाच्याने 'ओ निगेटिव्ह' रक्ताची मागणी संगणकावरून नोंदविली. आमचा स्वयंसेवक पडद्यासमोर जागाच होता. जोडणी शाबूत असल्याचे दाखविणारा हिरवा ठिपकाही कोपऱ्यात दिसत होता. तरीही तो निरोप त्याला मिळाला नाही. दीड वाजता भाच्याने फोन केला, तेव्हा कोठे धावाधाव सुरू झाली. रुग्ण वाचला, परंतु ते पावणेदोन तास आम्हांला अजून टोचतात. दोष यंत्राचा नव्हता, आमचा होता.

वेबवरील साधे पान म्हणजे पत्रव्यवहार होय. आपण विचारावे, सर्व्हरने उत्तर द्यावे आणि संबंध तेथेच संपावा. नवे काही आले काय, हे कळण्यासाठी पुनःपुन्हा विचारीत राहावे लागे. २०११ साली 'वेबसॉकेट' हा नियम प्रमाण म्हणून मान्य झाला आणि एकदा लागलेली लाइन उघडी ठेवून दोन्ही बाजूंनी केव्हाही बोलण्याची सोय झाली. एके काळी ट्रंक कॉल लावून ताटकळत बसलेल्या वाचकांना या सोयीचे मोल सांगावयास नको!

आमच्या मुलांनी ही सेवा 'फिनिक्स' नावाच्या चौकटीवर उभारली. ती 'एलिक्सिर' भाषेत लिहिलेली आहे. ब्राझीलच्या जोझे वालिम यांची ही भाषा ज्या 'एर्लांग'च्या पायावर चालते, तिचा जन्म १९८६ च्या सुमारास स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत, दूरध्वनी-केंद्रांची गरज डोळ्यांपुढे ठेवून झाला. प्रत्येक संभाषणास स्वतंत्र, चिमुकली प्रक्रिया. एक कोसळली तरी शेजारणीला धक्का नाही. २०१५ साली फिनिक्सच्या कर्त्यांनी ४० गाभ्यांच्या एकाच सर्व्हरवर २० लाख जोडण्या एकाच वेळी धरून दाखविल्या. आमचे स्वयंसेवक जेमतेम चाळीस. तेव्हा भार हा आमचा प्रश्न कधीच नव्हता.

प्रश्न होता लाइन दीर्घकाळ जिवंत राखण्याचा. राउटर बंद पडतो, कोणी लॅपटॉप मिटून ठेवतो. लाइन तुटते, पण तसे दोन्ही टोकांना कोणी कळवीत नाही. म्हणून ब्राउझर दर ३० सेकंदांनी 'मी आहे' असा नाडीचा ठोका पाठवितो. ६० सेकंद काहीच ऐकू आले नाही, तर सर्व्हर जोडणी बंद करतो. ठोक्याला उत्तर न आल्यास ब्राउझरही लाइन गेली असे समजून पुन्हा जोडू पाहतो. हे सारे चौकट आपण होऊन करते, आणि येथेच आम्ही गाफील राहिलो.

फिनिक्स कोणताही निरोप ब्राउझरकडे फार तर एकदाच पाठवितो. घेणारा त्या क्षणी जागेवर नसेल, तर निरोप गेलाच. त्यांच्या मार्गदर्शिकेत हे स्वच्छ लिहिले आहे. आमच्यापैकी कोणी ते वाचले नव्हते. त्या रात्री पावसाने दोन मिनिटे लाइन गेली आणि नेमकी तेव्हाच मागणी आली. लाइन परतली, ठिपका हिरवा झाला. ठिपका आताची जोडणी सांगतो. मधल्या वेळी काय निसटले ते त्याला ठाऊक नसते.

आता प्रत्येक निरोप आधी नोंदवहीत क्रमांकासह साठविला जातो आणि मगच वाहिनीवर जातो. पुन्हा जोडल्यावर ब्राउझर शेवटचा पाहिलेला क्रमांक सांगतो व त्यापुढचे सारे मागून घेतो. यातही एक मेख आहे. आधी वाहिनीत सामील व्हावे, नंतर मागील निरोप मागावेत. क्रम उलटला तर दोहोंमधील फटीत आलेला निरोप पुन्हा हरवतो. एखादा निरोप दोनदा आलाच, तर क्रमांक पाहून गाळता येतो.

दुसरी चूक आम्हांला योगायोगानेच कळली. वाहिनीत शिरताना ओळख तपासली जाते ती एकदाच, आणि उघडे पान तर दिवसच्या दिवस उघडे असते. एका गृहस्थांनी काम सोडले, यादीतून त्यांचे नावही काढले; पण त्यांच्या घरच्या संगणकावर रुग्णांच्या नातेवाइकांचे फोन क्रमांक तीन दिवस येतच राहिले. त्यांनीच ते प्रामाणिकपणे कळविले, म्हणून बरे. तेव्हापासून प्रत्येक जोडणीस आरंभीच त्या व्यक्तीची खूण दिली जाते. नाव काढताच त्या खुणेच्या सर्व जोडण्या सर्व्हर तोडतो.

निरोप पोहोचला म्हणजे कोणी वाचला असे नव्हे, हेही ध्यानात घेऊन पाच मिनिटांत कोणी 'पाहिले' असे कळविले नाही, तर यादीतील पहिल्या तिघांना फोन जावा, अशी व्यवस्था आम्ही केली आहे. आमच्या त्या स्वयंसेवकाने मात्र पडद्याशेजारी आपला जुना तारेचा फोनही आणून ठेवला आहे, आणि रोज रात्री कामावर बसण्यापूर्वी तो उचलून कानाला लावून पाहतो.