दुखऱ्या टापेला बूट निवडताना

घोड्याच्या टापेला घालायचा उपचारी बूट म्हणजे रबराचे किंवा लवचीक प्लास्टिकचे कवच. त्याच्या तळाशी जाड गादी असते. खिळे न ठोकता तो पट्ट्यांनी आवळता येतो आणि हवा तेव्हा काढता येतो. कल्पना जुनीच आहे. रोमन काळात युरोपात घोड्यांच्या पायांना बांधायच्या लोखंडी चपला होत्या. जपानात एकोणिसाव्या शतकातही घोडे पेंढ्याच्या चपला घालून डोंगरवाटा चढत. आजच्या धर्तीचा बूट अमेरिकेत १९७० च्या सुमारास आला. वाटेत नाल निखळला तर तात्पुरती सोय, एवढेच त्याचे पहिले काम होते. दुखऱ्या पायांसाठीचे मऊ बूट नंतर निघाले.

महाराष्ट्रात शर्यतीच्या घोड्यांजवळ डॉक्टर आणि नालबंद दोन्ही असतात. माथेरानला घोडा हे रोजचे वाहन असल्याने टापेची जाण असलेली माणसे गावातच भेटतात. खरी अडचण वरातीच्या घोडीची आहे. कोहमारा हे नागपूर-रायपूर महामार्गावरचे चौफुलीचे गाव. अशा गावांच्या आसपास लग्नसराई ऐन एप्रिल-मेमध्ये भरात येते. तेव्हा घोडीला तापलेल्या डांबरावरून चालावे लागते आणि बँडसमोर तासन्‌तास एकाच जागी उभे राहावे लागते. गावात बैलांना पत्री मारणारा सापडतो, पण दोन भागांच्या खुराची सवय असलेल्या हाताला घोड्याची अखंड टाप जमेलच असे नाही.

बुटाआधी निदान हवे, कारण लंगडण्याची कारणे अनेक असतात. एकच पाय अचानक टेकवेनासा झाला तर बहुधा टापेत पू झालेला असतो. त्यावर उपाय म्हणजे पू मोकळा करणे. बूट तिथे फक्त पोटीस जागेवर ठेवतो आणि घाण आत जाऊ देत नाही. पातळ तळव्याचा घोडा खडीवर पाय चोरत चालतो आणि मऊ मातीवर सुधारतो. त्याला बुटाचा फायदा लगेच दिसतो.

सर्वांत गंभीर आजार लॅमिनायटिस. टापेच्या आतले हाड बाहेरच्या कठीण भिंतीला नाजूक पापुद्र्यांनी जोडलेले असते. हे पापुद्रे सुजले की पकड सुटते आणि हाड फिरते किंवा खाली खचते. बिघडलेल्या अवस्थेत ते तळवा फोडून बाहेरही येऊ शकते. घोडा पुढचे पाय पुढे ताणून मागे रेलतो, वळायला कुरकुरतो. टाप गरम लागते, आणि खुरावरच्या सांध्यामागे बोट ठेवले तर नाडी जोरात उडताना कळते. धान्य जास्त खाण्यात येणे हे याचे नेहमीचे कारण. धानाच्या जिल्ह्यात उघड्या पोत्याला तोंड लागायला वेळ लागत नाही, आणि लग्नघरी कौतुकाने भरवलेल्या हरभऱ्या-गुळाची तर कोणी मोजदादच ठेवत नाही. लठ्ठपणा, व्याल्यानंतर वार अडकणे, कठीण रस्त्यावरचे सततचे हादरे हीदेखील कारणे आहेत.

पहिल्या दोन-तीन दिवसांत टापा बर्फाच्या पाण्यात ठेवणे आणि घोडा अजिबात न चालवणे हे बुटापेक्षा महत्त्वाचे. खाली तनसाचा किंवा वाळूचा जाड थर द्यावा. बूट मिळेपर्यंत सुमारे दोन इंच जाडीचा घट्ट फोमचा तक्ता टापेच्या आकारात कापून चिकटपट्टीने बांधता येतो. खोक्यात येणारे साधे थर्माकोल मात्र घोड्याच्या वजनाखाली लगेच चपटे होते. हाड किती फिरले हे बाजूने काढलेल्या एक्स-रेशिवाय कळत नाही. कोहमाऱ्याहून एका बाजूला नागपूरचे आणि दुसऱ्या बाजूला दुर्गजवळच्या अंजोऱ्याचे पशुवैद्यकीय महाविद्यालय, दोन्ही लांबच. अशा घोड्याला उभ्याने ट्रकमधून नेणे म्हणजे दुखण्यात भर, म्हणून डॉक्टरलाच फिरते यंत्र घेऊन बोलावता आले तर उत्तम.

माप टाप छाटल्यावरच घ्यावे. वाढलेल्या टापेचे माप घेऊन आणलेला बूट छाटणीनंतर सैल होतो. मापे दोन असतात. सर्वांत रुंद जागी आडवे, आणि टोकापासून टाच जिथे जमिनीला टेकते तिथपर्यंत उभे. मागचे मऊ, फुगीर मांस त्यात धरायचे नाही. मोजणी मिलिमीटरमध्ये करावी, कारण दोन आकारांतला फरक थोडाच असतो. पुढच्या टापा गोलसर, मागच्या निमुळत्या, आणि डावी-उजवी नेहमी सारखी नसते, म्हणून प्रत्येक टाप वेगळी मोजावी. घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. पैसा मोजकाच असेल तर पुढची जोडी आधी घ्यावी. जात सांगून किंवा खोगिराच्या मापावरून बूट मागवणे हा पैसा फुकट घालवण्याचा मार्ग आहे.

दुकानात दोन प्रकारचे बूट शेजारी ठेवलेले असतात आणि गल्लत तिथेच होते. स्वारीचा बूट पातळ तळाचा, घट्ट बसणारा, खडबडीत रस्त्यासाठीचा. उपचारी बूट जाड गादीचा आणि मोकळा, उभे राहण्यासाठी आणि सावकाश चालण्यासाठी. तो घालून घोड्यावर बसायचे नसते. लॅमिनायटिसच्या घोड्यासाठी तळाचे पुढचे टोक वर उचललेले हवे, म्हणजे पाऊल उचलताना टापेच्या पुढच्या भिंतीवर ताण कमी येतो. गादीचा कठीणपणा घोड्याचे वजन पाहून ठरवावा. फार मऊ गादी जड घोड्याखाली दबून निकामी होते. टाच किती उंच ठेवायची हे एक्स-रे पाहून डॉक्टरांनीच सांगावे, अंदाजाने पाचर घालू नये. बूट घातल्यावर घोडा सुखाने उभा राहतो का, हीच शेवटची परीक्षा. महागडा बूट घालूनही तो पाय बदलत राहिला तर गादी चुकली.

नव्या बुटाची सवय तास-दोन तासांपासून लावावी. दर वेळी काढल्यावर टाचेमागची कातडी पाहावी. केस झडणे, लाली ही घासण्याची पहिली खूण. बूट फिरत असेल तर तो सैल आहे आणि पट्टा आवळून ते भागत नाही. दिवसातून निदान एकदा बूट काढून टाप खरवडून कोरडी करावी. पूर्व विदर्भाच्या पावसाळ्यात ही काळजी दुप्पट लागते. बंद बुटात ओल राहिली की तळव्यातली खाच कुजते आणि काळा, घाण वासाचा स्राव येतो. चिखलात बूट निघूनही जातो. पावसाळ्यात तो कोरड्या गोठ्यातच वापरणे शहाणपणाचे.

टापेची भिंत महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढते. आजारी टाप पूर्ण बदलायला नऊ महिने ते वर्ष लागते. तेवढा काळ चार-सहा आठवड्यांनी छाटणी आणि मापाची फेरतपासणी चालू ठेवावी लागते. बूट वेदना कमी करतो, आजार नाही, आणि घोडी बरी दिसू लागली की मालकाला ती पुढच्या सुपारीसाठी तयार वाटू लागते. तेव्हा डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय तिला रस्त्यावर काढू नये. वरात ठरवणाऱ्यांनीही घोडी दारात आल्यावर तिला चार पावले चालवून पाहावे. ती लंगडत असेल तर नवरदेवाने मांडवापर्यंत पायी जावे.