कळ कुठे येते, हे विचारणारी

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढातील गोष्ट. खानापूर तालुक्यातील आमच्या मावशीकडे आम्ही चार दिवस मुक्कामास होतो. दिवेलागणीच्या सुमारास तिच्या छातीत दुखू लागले, तेव्हा शेजाऱ्याची जीप करून तिला बेळगावास एका रुग्णालयात आणले. आम्ही खिडकीपाशी नावगाव लिहून देत असताना आत तिची विचारपूस चालली होती. विचारणारी परिचारिका दूरच्या प्रांतातील, वयाने लहान आणि स्वभावाने मोठी गोड. तिने मोडक्या हिंदीत दुखणे कधीपासून आहे, असे विचारले. मावशीस मराठीवाचून दुसरी भाषा येत नाही. ती आपली एकच सांगत राहिली, "कळ येतीया गं, कळ!" मुलीने हिंदीतील 'कल' ऐकला आणि कागदावर लिहिले, 'कालपासून'.

कालपासूनचे दुखणे आणि तासाभरापूर्वीचे दुखणे यांत केवढे अंतर आहे, हे आम्हांसही त्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हते. पाळी बदलली, दुसरी परिचारिका आली. तिने कागद वाचला आणि मावशीच्या उशाशी वाकून विचारले, "मावशी, कळ कुठनं निघती? हातात उतरती का?" मावशीने डावा दंड दाखविला. पुढच्या दोन-तीन मिनिटांत हृदयाचा आलेख काढणारे यंत्र खाटेपाशी आले, डॉक्टर आले आणि धावपळ सुरू झाली. मावशी आज खडखडीत आहे आणि अळणी जेवणावरून सुनेशी भांडते आहे.

ती दुसरी परिचारिका आमच्याकडे वळून म्हणाली, "गुरुजी, ओळखलंत का मला?" आम्ही तिला ओळखले होते. मात्र तिने आम्हांस ओळखले नसते तर बरे, असे त्या क्षणी वाटून गेले.

याचे कारण सांगितलेच पाहिजे. ही मुलगी आमच्या सरकारी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली. आई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामास. सकाळी डोक्याला फडके गुंडाळून जायची आणि संध्याकाळी खोकत परत यायची. मुलीने पीयूसीला विज्ञान घेतले, बरे गुण मिळविले, आणि आईने आमच्याकडे येऊन विचारले, "गुर्जी, हिला नर्सिंगला घालू का?" आम्ही, मराठीचे एम. ए., सावित्रीबाईंवर दरवर्षी जानेवारीत भाषण करणारे, त्या बाईस म्हणालो, "नको. रात्रीअपरात्रीचे काम, परक्या पुरुषांची अंगे पुसायची. उद्या लग्नाला अडचण येईल. शिक्षिका होऊ दे." ज्या सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता गेल्या, त्यांच्यावर भाषण करणाऱ्याच्या तोंडचे हे शब्द! आईने आमचे ऐकले नाही, हे मावशीचे भाग्य.

आमच्या तोंडून बोलणारा तो आवाज काही आमचा एकट्याचा नव्हता. त्यास शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या प्रेरणेने शाळा निघाली आणि परिचर्या हा शिकून करावयाचा व्यवसाय ठरला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८९१ साली बाई काशीबाई गणपत या शिक्षणासाठी दाखल झाल्या. प्रशिक्षण घेणारी पहिली भारतीय परिचारिका म्हणून त्यांचे नाव या विषयाच्या पाठ्यपुस्तकांतून येते. पण तथाकथित वरच्या जातींच्या घरांतून कोणी पुढे येईना. मलमूत्र, रक्त, परजातीचा स्पर्श ही सारी कामे 'त्यांनी' करावयाची, आणि 'ते' कोण, हे गावाने आधीच ठरवून ठेवलेले. मिशनऱ्यांनी मात्र ही उतरंड बाजूस ठेवली. आमच्या भागास जवळचे उदाहरण मिरजेचे. डॉ. विल्यम वान्लेस यांनी तेथे १८९४ साली उभारलेल्या रुग्णालयाकडे निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणीचे रोगी बैलगाडीने, पुढे आगगाडीने जात असत. पांढऱ्या वेषातली शिकलेली नर्सबाई या मुलखातील पुष्कळ खेड्यांनी प्रथम पाहिली ती तेथेच.

हिंदू घरांचा उंबरा ओलांडण्याचे काम पुण्यात झाले. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले आणि पुढील काही वर्षांतच तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. त्यांत विधवा होत्या, टाकलेल्या होत्या. रमाबाई स्वतः १९०१ साली विधवा झालेल्या. लोक काय बोलले असतील, याची कल्पना वाचकांनी आमच्या वरच्या उपदेशावरून करावी! रमाबाईंचे खरे शहाणपण आम्हांस वाटते ते हे, की त्या नुसत्या भाषणांवर थांबल्या नाहीत. त्यांनी वसतिगृहाची सोय केली. बाई राहणार कोठे, जेवणार कोठे, रात्री परत कोणाबरोबर येणार, याची उत्तरे तयार असल्याखेरीज कोणत्याही घराचा दरवाजा उघडत नाही.

या मार्गावर देश पुढे किती सावकाश चालला, हे भोर समितीने १९४६ साली सांगितले. त्रेचाळीस हजार माणसांमागे एक परिचारिका! त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले, आणि १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली. मुंबईस महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाने १९६४ साली लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय काढले. कर्व्यांनी १९१६ साली विद्यापीठ स्थापन केले ते मातृभाषेतून शिक्षण या आग्रहाने. या गोष्टीकडे आम्ही पुन्हा येऊ.

१९१६ हे साल आम्हां बेळगावकरांसही आठवते. त्या वर्षी नोव्हेंबरात सात संस्थापकांनी बेळगावात कर्नाटक लिंगायत एज्युकेशन संस्था काढली. सप्तर्षी म्हणून त्यांचा उल्लेख होतो. शाळेपासून निघालेली ही संस्था १९६३ साली वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोहोचली, आणि २००६ साली तिच्या वैद्यकीय शिक्षणाच्या शाखेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. नेहरूनगरात तिचे मोठे रुग्णालय आहे आणि याच विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालयही आहे. आमच्या भागातील मुलीने पदवी घ्यावयाची म्हटली की पहिला विचार बेळगावचा होतो. राज्यातील बाकीची पुष्कळशी महाविद्यालये बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठास जोडलेली आहेत. ते १९९६ चे.

अशा महाविद्यालयाचा कारभार कसा चालतो, असे पालक आम्हांस विचारतात, तेव्हा आम्ही शाळेच्या फळ्यावर तीन चौकोन काढतो. पदवी देते विद्यापीठ; त्याचे व्यवस्थापन मंडळ, विद्वत्परिषद आणि अभ्यासमंडळ असते. शिक्षणाची चौकट राष्ट्रीय परिषदेने घालून दिलेली: चार वर्षांची पदवी, किती विद्यार्थ्यांमागे किती शिक्षक, सरावासाठी किती खाटांचे रुग्णालय. आणि पदवीनंतर नाव नोंदविते ते राज्याची परिषद. त्या नोंदीवाचून कोठेही नोकरी नाही. परिषदेच्या जागी राष्ट्रीय आयोग आणणारा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला, तो याच चौकटीच्या दुरुस्तीसाठी. म्हणून आम्ही पालकांस सांगतो की, इमारतीची फरशी पाहू नका, मान्यतेचा कागद पाहा. भाड्याच्या दोन खोल्यांवर पाटी लावून फी घेणारे लोक जिल्ह्याजिल्ह्यांत भेटतात.

पालक मान डोलावतात आणि मग आपला खरा प्रश्न विचारतात, "गुर्जी, हॉस्टेलची बाई कशी हाय?" पूर्वी आम्हांस याचे हसू येई. आता येत नाही. वखारीत राबणाऱ्या आईच्या लेखी कारभार म्हणजे तीच बाई. रात्रपाळी संपवून आलेल्या मुलीस दार उघडणारी, घरी निरोप पाठविणारी, एखाद्याने वाईट वागणूक दिली तर तक्रार दाबून न टाकणारी. २०१३ च्या कायद्याने प्रत्येक संस्थेत तक्रार समिती सक्तीची केली आहे, पण समितीतील माणसांची नावे मुलींना पाठ असतील तरच तिचा उपयोग.

आता प्रवेशाचा प्रश्न. पदवीसाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. मागासवर्गीयांस गुणांत सवलत आहे. तीन वर्षांच्या जीएनएमला विज्ञानाला पसंती असली तरी कला शाखेची मुलगीही चालते. दोन वर्षांच्या एएनएमलाही तसेच. पायाने काही अंशी अधू असलेल्यांसही नियमाने वाट ठेवली आहे. मुलगेही आता या शिक्षणास जातात. आमच्या दोन विद्यार्थ्यांनी हा मार्ग धरला, तेव्हा गावाने त्यांची थोडी थट्टा केली आणि पहिला पगार आल्यावर ती थांबली. सीमाभागातील ८६५ गावांच्या विद्यार्थ्यांस महाराष्ट्राने आपल्या व्यावसायिक शिक्षणात सवलत ठेवली आहे. ती परिचर्येच्या कोणत्या अभ्यासक्रमास लागू पडते, हे त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहूनच अर्ज करावा.

कागदावर दार असे पुष्कळ उघडे आहे. तरी मराठी शाळेतील मुली तेथवर का पोहोचत नाहीत? एक तर खेड्यातील पीयूसीला विज्ञान नसते. शहरात जायचे तर बसचा पास आणि शिकवणी. दुसरे, पदवीचे माध्यम इंग्रजी. कर्व्यांच्या विद्यापीठासही आपल्या परिचर्या महाविद्यालयात मातृभाषेचा आग्रह चालविता आला नाही, आणि औषधांची नावे, मात्रा, यंत्रे पाहता त्यास आम्ही दोष देत नाही. पहिल्या वर्षी शरीररचनेचे पुस्तक उघडून आमची मुलगी रडते, दुसऱ्या वर्षी सावरते. तिला पहिल्या सहा महिन्यांत इंग्रजीची जादा शिकवणी संस्थेनेच दिली पाहिजे. राखीव जागेवर मुलीस बसविले आणि पुस्तकापाशी एकटे सोडले, याला सामावून घेणे म्हणत नाहीत.

परंतु याहून मोठी गोष्ट आम्हांस त्या आषाढातील रात्रीने शिकविली. १ नोव्हेंबर १९५६ पासून हा मुलूख भाषेच्या भांडणात आहे. आमचे सारे आयुष्य त्यात गेले आणि आमचे मन कोणीकडे आहे, हे वाचकांस सांगावयास नको. पण या भांडणाच्या पोटी एक गोष्ट आपोआप घडली. आमच्या शाळेतील मूल घरी मराठी बोलते, वर्गात कन्नड वाचते, बाजारात हिंदी-उर्दू ऐकते, खानापूरकडे गेले तर कोंकणीही. चार भाषांचे हे ओझे म्हणून आम्ही आजवर हळहळत आलो. रुग्णशय्येपाशी तेच भांडवल ठरते! बेळगावच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या एका दालनात फिरून पाहा. एका खाटेवर सौंदत्तीची आजी, दुसरीवर चंदगडचा शेतकरी, तिसरीवर शहरातील मुस्लीम बाई. पोटात कालवते, डोके ठणकते, लघवीला जळजळते, हे माणूस आपल्या आईच्याच भाषेत सांगतो. आणि शब्दही फसवे असतात. 'संकट' म्हटले की आम्हांस पूर किंवा कर्ज आठवते. कन्नड म्हातारी तोच शब्द जिवाची तगमग सांगण्यास वापरते. दोन्ही अर्थ जाणणारी मुलगी खाटेपाशी उभी असेल, तर डॉक्टर येण्याआधीच अर्धे निदान झालेले असते.

म्हणून आमचे मत असे की, विद्यापीठाने प्रवेशाच्या वेळी उमेदवारास किती स्थानिक भाषा येतात, हे विचारावे आणि त्यास काही मोल द्यावे. दूरच्या प्रांतातून येणाऱ्या मुलींना पहिल्याच वर्षी कन्नड आणि मराठी दोन्हींतील रुग्णशय्येची बोली शिकवावी. त्या मुली कष्टाळू असतात, त्यांच्यावर राग नाही. त्या रात्रीच्या त्या मुलीला 'कळ' कोणी शिकविलीच नव्हती. मराठी पालकांनीही आपल्या मुलीच्या कन्नडच्या वहीकडे रागाने पाहू नये. आमच्या काही जुन्या मित्रांस हे रुचणार नाही. त्यांनी एकदा आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर रुग्णालयात रात्र काढावी आणि मग आमच्याशी वाद घालावा.

त्या विद्यार्थिनीने पुढे आमच्याकडे एक काम सोपविले. "गुरुजी, दुखण्याचे शब्द लिहून द्या, मी नव्या मुलींना वाचायला देते." आम्ही आणि आमच्या शाळेतील कन्नडचे शिक्षक मधल्या सुट्टीत बसून यादी करतो. डावीकडे आम्ही, उजवीकडे ते. कळ, चमक, ठणका, उसण, आग, हुडहुडी, गरगरणे, कोंडणे. साठ-सत्तर शब्द झाले आहेत. 'अंग मोडून येणे' यावर आमचे तीन दिवस गेले. पोटदुखीचे पान बाकी आहे, कारण आमच्या बायकांजवळ त्यासाठी इतके शब्द आहेत की आम्हां दोघा पुरुषांस ते पुरते ठाऊक नाहीत. त्यासाठी शाळेत माध्यान्ह भोजन रांधणाऱ्या बाईंस मदतीस घेतले आहे.

गेल्या आठवड्यात वखारीतील आणखी एक बाई शाळेत आली. धाकटी मुलगी पीयूसीला आहे, विज्ञानाला. तिनेही हॉस्टेलच्या बाईचीच चौकशी केली. या वेळी आम्ही उपदेश केला नाही. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने त्या मायलेकी आणि आम्ही तवंदी घाट ओलांडून, संकेश्वर, हत्तरगीवरून बेळगावास जाणार आहोत. आमची जुनी विद्यार्थिनी रात्रपाळी उरकून बसस्थानकावर आम्हांस भेटेल आणि वसतिगृह दाखवील. मुलीच्या आईने बरोबर भाकरी बांधून घेण्याचे ठरविले आहे, कारण तिला तेथील जेवणही चाखून पाहावयाचे आहे आणि आवडले नाही तर उपाशी राहावयाचे नाही.