भाजलेल्या मातीची रेक्टरी

इंग्लंडच्या लिंकनशायरमध्ये एपवर्थ नावाचं लहानसं गाव आहे. तिथली रेक्टरी, म्हणजे गावच्या चर्चच्या रेक्टरचं (धर्मगुरूचं) राहतं घर, ९ फेब्रुवारी १७०९ च्या रात्री जळून खाक झाली.

जुन्या घराचं वर्णन १६०७ च्या एका नोंदीत सापडतं. तीन मजले, सात मुख्य खोल्या, लाकडी सांगाड्यात भरलेला गिलावा आणि वर पेंढ्याने शाकारलेलं छप्पर. आपल्या कोकणातल्या कुडाच्या घराचं थोरलं भावंडच म्हणा ना! पावसापुढे असं छप्पर भक्कम. तीव्र उतारावर पेंढा इतका दाबून रचतात, की पाणी वरच्या थरातूनच ओघळून जातं आणि आतला पेंढा ठणठणीत कोरडा राहतो. गोची इथेच आहे. आग त्या कोरड्या पेंढ्यातून वाशांच्या अंगाने पसरते आणि बाहेरून मारलेलं बादल्यांचं पाणीही पावसासारखंच घरंगळून जातं. छप्पर जितकं चांगलं शाकारलेलं, तितकं विझवायला अवघड.

त्या रात्री रेक्टरचा पाच वर्षांचा मुलगा जॉन वरच्या मजल्यावर अडकला होता. शिडी आणायला वेळ नव्हता. एका माणसाच्या खांद्यावर दुसरा चढला आणि त्याने पोराला खिडकीतून ओढून घेतलं. पाठोपाठ छप्पर कोसळलं. नशीब, आतल्या बाजूला. मेथडिस्ट पंथाची चळवळ उभी करणारा जॉन वेस्ली तो हाच.

त्याचे वडील, रेक्टर सॅम्युएल यांनी त्याच वर्षी नवं घर उभारायला घेतलं, ते विटांचं. वीट ही भट्टीच्या प्रचंड आचेतून आधीच निघालेली माती. जळण्यासारखं तिच्यात काही उरलेलंच नसतं. लंडनमध्ये १६६६ च्या महाआगीनंतर विटा-दगडांची सक्ती कायद्यानेच झाली होती. १७०९ मध्ये तर खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या दर्शनी बाजूपासून चार इंच आत बसवायचा नियम आला. एपवर्थला यातलं काही लागू नव्हतं. वेस्लींना एक रात्र पुरली.

त्या काळच्या विटांच्या भिंतींत खरी गंमत आहे ती सांध्यातल्या चुन्याची. चुनखडी भाजताना कार्बन डायऑक्साइड निघून जातो. बांधकाम झाल्यावर चुना तोच वायू हवेतून परत घेतो आणि महिनोन्‌महिने सावकाश कडक होत राहतो. तरीही तो विटेपेक्षा मऊच. त्यामुळे पाया जरा खचला तर तडा बहुधा सांध्यात जातो, वीट वाचते. भिंतीतली ओलही सांध्यांतूनच बाहेर पडते. पुढे कुणी हौसेने तिथे सिमेंट भरलं, की ओल विटेत कोंडते, थंडीत गोठून फुगते आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात.

पैशांचा मामला मात्र विचित्र होता. घर पदाचं, खर्च पदावरच्या माणसाचा! बांधकामाला सुमारे चारशे पौंड लागले, आणि सॅम्युएल तर १७०५ मध्येच कर्जापायी लिंकनच्या तुरुंगात जाऊन आलेले. आगीला बारा-तेरा वर्षं उलटली तरी घरात निम्मंही सामान आलेलं नव्हतं. पदाचं उत्पन्न तारण ठेवून रेक्टरी बांधायला कर्ज काढण्याची सोय १७७६ च्या कायद्याने झाली, पण तोवर फार उशीर झाला होता. सॅम्युएल १७३५ मध्ये वारले आणि कुटुंबाला घर सोडावं लागलं. १९५४ मध्ये मेथडिस्टांच्या जागतिक परिषदेने ते विकत घेतलं. आज तिथे संग्रहालय आहे.