मारिएलच्या बोटी आणि मायामीतले खून

1980च्या एप्रिलमध्ये फिडेल कॅस्ट्रोने क्युबाचे मारिएल बंदर खुले केले. ज्याला देश सोडायचा त्याने सोडावा, अशी मुभा मिळताच मायामीतले क्युबन मिळेल ती बोट घेऊन नातलगांना आणायला निघाले. ऑक्टोबरपर्यंत सुमारे सव्वा लाख निर्वासित फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागले. जागा पुरेना, तेव्हा त्यांची सोय ऑरेंज बाउल स्टेडियममध्ये आणि महामार्गाखालच्या तंबूंत करावी लागली.

कॅस्ट्रोने बोटींत काही कैदी आणि मनोरुग्णही बसवले होते. ही बातमी पसरली आणि मारिएलहून आलेला प्रत्येक माणूस संशयित ठरला. गंभीर गुन्हेगार मात्र दोन टक्क्यांच्या आसपासच निघाले. तरीही 1983च्या ‘स्कारफेस’ चित्रपटातल्या टोनी मोंटाना या मारिएलहून आलेल्या गुंडाने तो शिक्का आणखी गडद केला.

मायामीतला रक्तपात या बोटींच्या आधीचा. 11 जुलै 1979 रोजी डेडलँड मॉलमधल्या दारूच्या दुकानात भरदुपारी दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. कोलंबियन कोकेन टोळ्यांचे वैर भरबाजारात आले होते. त्याच वर्षी फेडरल रिझर्व्हच्या मायामी शाखेत 5 अब्ज डॉलरहून अधिक जादा रोकड साठली. तिच्यामागे मोठा हात कोकेनच्या पैशाचा होता.

मे 1980मध्ये आणखी एक ठिणगी पडली. आर्थर मॅकडफी या कृष्णवर्णीय नागरिकाच्या मृत्यूप्रकरणी पोलिस निर्दोष सुटले. त्यानंतरच्या दंगलीत 18 जणांचा बळी गेला. 1981मध्ये मायामीच्या डेड काउंटीतल्या खुनांनी सहाशेचा आकडा ओलांडला आणि शवागार अपुरे पडून शीतपेटीचा ट्रक भाड्याने घ्यावा लागला. या खुनांत मारिएलचे काही लोक होतेच, मारणारे आणि मरणारेही. पण अमली पदार्थांचा व्यापार, काळा पैसा आणि पोलिसांवरचा उडालेला विश्वास यांचे सारे खापर निर्वासितांवर फुटले, हा त्यांच्यावरचा उघड अन्याय होता.

त्या रागाचे पडसाद मतपेटीतही उमटले. नोव्हेंबर 1980मध्ये इंग्रजीखेरीज अन्य भाषांवर काउंटीचा पैसा खर्च करण्यास मतदारांनी बंदी घातली. पुढे अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांच्या 1990च्या अभ्यासात, कामगारांची संख्या सुमारे सात टक्क्यांनी वाढूनही स्थानिकांच्या मजुरीवर फारसा परिणाम झाला नसल्याचे दिसले. या निष्कर्षावर अजूनही वाद होतात. राजकारणही बदलत गेले. क्युबात जन्मलेले झेवियर सुआरेझ 1985मध्ये मायामीचे महापौर झाले. 1993मध्ये काउंटीच्या मंडळाने भाषाबंदीचा तो कायदा रद्द केला.