रोजा ‘तोडायचा’ की ‘सोडायचा’?

धुळ्यातल्या कचेरीत एका सहकाऱ्याने आपुलकीने विचारले, “भाई, रोजा किती वाजता तोडणार?” मी दचकलोच! दोष त्याचा नाही, इंग्रजीतल्या ‘ब्रेक’चा. तिथे उपवास सोडणे आणि मोडणे, दोन्हींना हेच क्रियापद. ‘ब्रेकफास्ट’ही त्यातूनच आला. आमच्या घरी मगरिबच्या अजानला रोजा ‘खोलतात’. ‘तोडणे’ म्हणजे दिवसा जाणूनबुजून, कारणाशिवाय खाणे. हनफी मसलकात त्याचा कफ्फारा सलग ६० रोजे, शिवाय त्या दिवसाची कजा वेगळी. गंमत म्हणजे ‘इफ्तार’च्या अरबी मुळातही फोडण्याचाच अर्थ आहे! त्याला एवढेच म्हणालो, “एकादशीचा उपवास तुम्ही द्वादशीला सोडता ना? तसाच आम्ही रोजा सोडतो.” संध्याकाळी तो जळगावची केळी घेऊन आला, अजानच्या पाच मिनिटे आधी.